यंत्रचित्रांचें दप्तर आणि त्याचा राखणदार

भोसरी-चाकणच्या बाजूचा किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरांतील एकादा लहानसा कारखाना डोळ्यांसमोर आणावा. पंचवीस-तीस माणसें, चार-पांच मशिनें, आणि माडीवर संगणकापुढें बसलेले तिघे-चौघे डिझायनर. सकाळीं मशिनवाल्याच्या हातीं एक ड्रॉइंग पडतें. तो त्याबरहुकूम बिडाचे वीस नग कातून, भोंकें पाडून संध्याकाळपर्यंत तयार ठेवतो. दुसऱ्या दिवशीं जुळणीच्या वेळीं कळतें कीं, त्या ड्रॉइंगांतील दोन भोंकांमधील अंतर पंधरा दिवसांपूर्वींच बदललें होतें. बदल संगणकांत झाला होता; मशिनवाल्याच्या हातीं मात्र जुनाच कागद आला. वीसही नग भंगारांत जातात. चूक कोणाची म्हणावी? डिझायनरनें बदल वेळेवर केला होता, मशिनवाल्यानें कागदाप्रमाणें काम केलें होतें, फोरमननें तपासणी केली तीही त्याच कागदावरून. प्रत्येकानें आपलें काम चोख केलें आणि तरीही माल वाया गेला. अशा वेळीं दोष माणसांचा नसून चित्रांच्या दप्तराचा असतो. आणि तें दप्तर नीट राखण्यासाठीं जीं सॉफ्टवेअरें निघालीं आहेत, त्यांतून आपल्याजोगें कसें निवडावें, हा आज लहानमोठ्या सर्वच कारखानदारांपुढील प्रश्न आहे.

संगणक येण्यापूर्वीं ही व्यवस्था कशी होती तें पाहिलें म्हणजे आजच्या अडचणीचें मूळ चटकन् ध्यानांत येतें. ब्ल्यूप्रिंटची रासायनिक युक्ति जॉन हर्शल यानें १८४२ सालीं शोधून काढली आणि पुढें कित्येक दशकें ड्रॉइंग ऑफिसांचा कारभार तिच्यावर चालला. ट्रेसिंग कापडावर शाईनें काढलेलें मूळ चित्र एकच असे. तें रुंद खणांच्या कपाटांत कुलपांत राही. कारखान्यांत जात त्या केवळ त्याच्या निळ्या प्रती. मूळ चित्रांत बदल करावयाचा तर कपाट सांभाळणाऱ्या कारकुनाकडे सही करून तें न्यावें लागे, आणि तें एकाच्या टेबलावर असेतों दुसऱ्यास मिळत नसे. बदल झाला कीं चित्राच्या कोपऱ्यांतील चौकटींत खुणेचें अक्षर, तारीख व सही पडे. नव्या प्रती निघत आणि जुन्या परत मागवून फाडल्या जात. मूळ एकच, बदलणारा एका वेळीं एकच, मंजुरी देणारा ठरलेला, आणि जुनी प्रत वापरांतून काढलेली, अशा चार गोष्टी एका कपाटानें आणि एका रजिस्टरानें साधलेल्या असत.

संगणकानें चित्र काढण्याचें काम कितीतरी पटींनीं सोपें केलें, परंतु या चारही गोष्टी नकळत मोडून टाकल्या. फाइलीची नक्कल करण्यास कांहींच खर्च पडत नाहीं, म्हणून ती जो तो करतो. कोणी पेनड्राइव्हवर नेतो, कोणी ई-मेलनें पाठवतो, कोणी घाईंत व्हॉट्सॲपवर मशिनवाल्याच्या हातीं देतो. महिन्याभरांत एकाच भागाच्या 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल-नवें' अशा नांवांच्या पांच फाइली पांच ठिकाणीं पडून राहतात. त्यांपैकीं खरी कोणती, हें ज्यानें ती काढली त्याच्या स्मरणावर अवलंबून राहतें. आणि तो गृहस्थ नोकरी सोडून गेला म्हणजे तें स्मरणही त्याच्याबरोबर जातें.

येथें कोणी विचारील कीं, पत्रें व हिशेब यांच्याही फाइली संगणकांत असतात; मग यंत्रचित्रांचेंच एवढें कौतुक कां? त्याचें उत्तर त्या फाइलींच्या रचनेंत आहे. पत्र हें स्वयंपूर्ण असतें. पण सॉलिडवर्क्स किंवा इन्व्हेंटर यांसारख्या प्रोग्रॅमांत काढलेलें एकादें गिअरबॉक्सचें असेंब्ली-चित्र स्वयंपूर्ण नसतें. त्या फाइलींत सुटे भाग प्रत्यक्ष सांठविलेले नसून, 'अमुक फोल्डरांतील अमुक नांवाची फाइल येथें या जागीं बसवावी' एवढीच सूचना असते. भागाचें नांव कोणी परस्पर बदललें किंवा फोल्डर हलविला, तर असेंब्ली उघडतांना तो भाग सांपडत नाहीं. किंवा त्याहून वाईट म्हणजे, त्याच नांवाची दुसरीकडची जुनी फाइल सांपडते आणि ती मुकाट्यानें बसविली जाते. त्यांतून एकच झांकण किंवा एकच बुश दहा निरनिराळ्या यंत्रांत वापरलेला असतो. एका यंत्रासाठीं त्याची जाडी बदलली कीं उरलेलीं नऊ यंत्रें कोणास न सांगतां बदलतात. शिवाय, कागदावरचें ड्रॉइंगही त्या त्रिमिति आकारावरूनच निघत असल्यामुळें एका बदलाचे धागे तीन-चार फाइलींत गुंतलेले असतात.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांनींही याच अडचणीवर उपाय काढलेला आहे. २००५ सालीं निघालेलें 'गिट' हें त्यांचें प्रसिद्ध साधन. परंतु प्रोग्रॅम हा ओळींचा मजकूर असतो. दोघांनीं निरनिराळ्या ओळी बदलल्या तर त्या एकत्र करतां येतात. त्रिमिति चित्राच्या फाइलीला अशा ओळी नसतात. दोघांनीं एकाच वेळीं तिच्यांत बदल केल्यास एकाचें काम ठेवावें आणि दुसऱ्याचें टाकावें, याखेरीज सामान्यतः मार्ग नसतो. म्हणून येथें जुन्या कपाटासारखें कुलूपच पाहिजे. हेंच कारण सर्वसाधारण 'क्लाउड' फोल्डरांनाही लागू पडतें. दोघांनीं एकच फाइल बदलली म्हणजे त्या फोल्डरांत तिची आणखी एक प्रत निराळ्या नांवानें तयार होते, आणि असेंब्लीनें कोणती उचलावी हा घोटाळा वाढतो.

हा घोटाळा लहान कारखान्यांपुरताच आहे असें मात्र समजूं नये. एअरबस कंपनीच्या ए-३८० या दुमजली विमानाची हकीकत या बाबतींत सर्वांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या एका विमानांत सुमारें ५३० किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा होत्या. जर्मनींतील व स्पेनमधील अभियंते चित्रें काढीत तीं 'कॅटिया' या प्रोग्रॅमच्या चौथ्या पिढींत, तर फ्रान्समधील व ब्रिटनमधील अभियंते पांचव्या पिढींत. दोहोंमधील माहिती पूर्णपणें जुळत नसे. तारांच्या जुडग्याला वळण देण्यास किती जागा व किती लांबी लागेल, याचा हिशेब त्यामुळें चुकला. आणि हांबुर्ग येथें तयार झालेलीं जुडगीं तुलूज येथें विमानांत घालूं लागल्यावर अनेक ठिकाणीं अपुरीं पडलीं. शेंकडों माणसांस तारा हातानें पुन्हां ओढाव्या लागल्या. २००६ सालीं विलंब एकामागून एक जाहीर झाले, वरिष्ठ अधिकाऱ्यांस जागा सोडाव्या लागल्या, आणि २०१० पर्यंतच्या नफ्यांत सुमारें ४८० कोटी युरोंची तूट येईल असें कंपनीला सांगावें लागलें. पहिलें विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हातीं पडलें तें १५ ऑक्टोबर २००७ रोजीं. त्या कंपनींत बुद्धीची वाण नव्हती कीं पैशाची. उणीव होती ती सर्वांनीं एकच खरें चित्र पाहण्याची.

या उणिवेवर जें साधन आहे त्यास 'प्रॉडक्ट डेटा मॅनेजमेंट' म्हणतात. व्यवहारांत त्याचें नांव पीडीएम. जुन्या कपाटाचा आणि कारकुनाचा तो संगणकांतील अवतार होय. सर्व फाइली सर्व्हरवरील एका बंद कोठारांत राहतात. बदल करावयाचा असेल त्यानें फाइल आपल्या नांवावर काढून घ्यावयाची, यास 'चेक-आउट' म्हणतात. तेवढा वेळ इतरांस ती पाहतां येते, बदलतां येत नाहीं. काम झाल्यावर ती परत जमा करावयाची, तें 'चेक-इन'. प्रत्येक जमेबरोबर एक नवी आवृत्ति नोंदली जाते आणि जुनीही शाबूत राहते. कोणी, केव्हां व कशासाठीं बदल केला, याची नोंद होत जाते. फाइलीचें नांव कोठारांतूनच बदललें तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व असेंब्लींतील सूचना आपोआप दुरुस्त होतात. आणि 'हा भाग कोठें कोठें वापरला आहे?' असें विचारतांच त्या दहाही यंत्रांची यादी पुढें येते.

या ठिकाणीं दोन शब्दांतील भेद समजून घेणें अगत्याचें आहे. 'व्हर्जन' म्हणजे कामाच्या ओघांत झालेली प्रत्येक जमा. ती दिवसांतून चारदां होईल. 'रिव्हिजन' म्हणजे तपासून, मंजूर होऊन कारखान्यांत गेलेला टप्पा. त्यास अ, ब, क अशी खूण मिळते. मशिनवाल्याचा संबंध फक्त रिव्हिजनशीं. म्हणून चांगल्या साधनांत फाइलीच्या अवस्था ठरविलेल्या असतात: काम चालूं, तपासणींत, मंजूर, रद्द. मंजुरीचा अधिकार ज्यास दिला आहे त्याच्याखेरीज कोणासही फाइल 'मंजूर' अवस्थेंत नेतां येत नाहीं, आणि मंजूर झालेली फाइल नव्या रिव्हिजनखेरीज बदलतां येत नाहीं. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तींत कागदपत्रांच्या बदलांवर नियंत्रण असावें अशी जी अट आहे, ती या एका व्यवस्थेनें बऱ्याच अंशीं पुरी होते.

आतां निवडीकडे वळावें. बाजारांत नांवें पुष्कळ आहेत आणि प्रत्येक विक्रेत्याजवळ सुबक नमुने आहेत. परंतु निवडीची सुरुवात विक्रेत्याच्या नमुन्यापासून न होतां आपल्या घरच्या परिस्थितीपासून व्हावी. पहिला प्रश्न असा कीं, चित्रें कोणत्या प्रोग्रॅमांत निघतात? सर्व काम सॉलिडवर्क्समध्यें असेल तर सॉलिडवर्क्स पीडीएम, इन्व्हेंटर व ऑटोकॅडमध्यें असेल तर ऑटोडेस्क व्हॉल्ट, हा सरळ मार्ग होय. कारण असेंब्लीच्या पोटांतील सूचना वाचणें व दुरुस्त करणें हें त्याच घराण्याच्या साधनास उत्तम साधतें. निरनिराळ्या ग्राहकांसाठीं कॅटिया, एनएक्स, क्रिओ असे अनेक प्रोग्रॅम वापरावे लागत असतील, तर सीमेन्सचें टीमसेंटर किंवा पीटीसीचें विंडचिल यांसारखीं मोठीं साधनें पहावीं लागतात. तीं केवळ चित्रेंच नव्हे तर मालाच्या जन्मापासून अखेरपर्यंतचा सारा कारभार सांभाळतात आणि त्यांस पीएलएम म्हणतात. त्यांचें सामर्थ्य मोठें, तसाच त्यांचा संसारही मोठा. पांच डिझायनरांच्या कारखान्यानें तें घेणें म्हणजे दोन बिघ्यांच्या शेतासाठीं साखर कारखाना काढण्यासारखें आहे.

एकाच नांवाच्या साधनाच्याही पायऱ्या असतात, आणि फसगत पुष्कळदां येथेंच होते. सॉलिडवर्क्स पीडीएमची 'स्टँडर्ड' आवृत्ति एका जागच्या लहान चमूस पुरते. परंतु ब्राउझरमधून कोठार पाहणें किंवा दुसऱ्या गांवच्या शाखेंत त्याची जोड-प्रत ठेवणें यासाठीं 'प्रोफेशनल' लागते. व्हॉल्टची 'बेसिक' आवृत्ति फाइली कुलपांत ठेवते, जुन्या आवृत्ति जपते; परंतु अवस्था, मंजुरी व रिव्हिजनची व्यवस्था 'प्रोफेशनल'मध्येंच मिळते. आरंभीं सांगितलेले वीस नग वांचवावयाचे असतील तर नुसतें कुलूप पुरणार नाहीं, मंजुरीची पायरीही हवी, हें ओळखून किंमतींची तुलना करावी.

दुसरा प्रश्न, माणसें किती आणि कोठें बसतात? सर्वजण एका छपराखालीं असतील तर घरचा सर्व्हर वेगवान व स्वस्त पडतो. मात्र त्याची वीज, त्याची थंडाई व त्याचा बॅकअप हें सर्व आपल्या गळ्यांत. काम दोन शहरांत वांटलेलें असेल तर क्लाउडवरील साधनाचा विचार योग्य. ऑनशेपसारख्या साधनांत, जें पीटीसीनें २०१९ सालीं विकत घेतलें, चित्र काढण्याचें काम व कोठार हीं दोन्ही एकच आहेत आणि सांभाळावयास फाइलच उरत नाहीं. परंतु इंटरनेट बंद पडलें म्हणजे कामही बंद पडतें. औद्योगिक वसाहतींत वीज व लाइन किती वेळां जाते याचा महिन्याभराचा हिशेब मांडल्याशिवाय तिकडे वळूं नये.

तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं: हें दप्तर सांभाळणार कोण? वापरणाऱ्यांचे अधिकार ठरविणें, अडकलेली फाइल सोडविणें, नवीन आवृत्ति चढविणें, यासाठीं एक जबाबदार माणूस, रोजचा कांहीं वेळ तरी, राखून ठेवावा लागतो. असा माणूस नसेल तर सर्वांत साधें साधन तेंच सर्वांत चांगलें. किंमतीच्या बाबतींतही लायसनचा आंकडा ही केवळ सुरुवात असते. सर्व्हर, डेटाबेस, जुन्या फाइली आंत घालण्याची मजुरी, शिकवणी आणि वार्षिक वर्गणी असा पांच वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडून मगच दोन साधनांची तुलना करावी.

चौथा प्रश्न सुरक्षिततेचा. या साधनांत माहिती सामान्यतः दोन ठिकाणीं असते: फाइली एका सांठ्यांत, आणि त्यांची नांवें, रिव्हिजन, अधिकार व इतिहास डेटाबेसमध्यें. सांठ्याचाच बॅकअप घेतला आणि डेटाबेस राहिला, तर ग्रंथालय शाबूत पण सूची जळालेली अशी अवस्था होते. दोहोंचा बॅकअप एकाच वेळचा व जोडीचा असला पाहिजे, त्याची एक प्रत इमारतीबाहेर असली पाहिजे, आणि वर्षांतून एकदां तरी तो दुसऱ्या संगणकावर उतरवून खरोखर उघडतो कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. याच विचाराच्या पोटांत पांचवा प्रश्न येतो: उद्यां हें साधन सोडावयाचें झालें तर सर्व फाइली, त्यांचा रिव्हिजनचा इतिहास व त्यांवरील माहिती साध्या स्वरूपांत बाहेर काढतां येते काय? विक्रेत्याकडून हें लेखी घ्यावें. मंजुरीच्या वेळीं प्रत्येक ड्रॉइंगाची पीडीएफ आणि आकाराची 'स्टेप' प्रत काढून ठेवण्याची संवय ठेवावी. 'स्टेप' हा १९९४ पासूनचा आंतरराष्ट्रीय नमुना असून कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर तो अवलंबून नाहीं.

एवढी छाननी झाल्यावर दोन साधनें उरतील. त्यांची परीक्षा विक्रेत्याच्या नमुन्यावर न घेतां आपल्याच कारखान्यांतील सर्वांत त्रासदायक असेंब्लीवर घ्यावी. एका सामाईक भागाचें नांव बदलावें व सर्व यंत्रें नीट उघडतात काय तें पहावें. दोघांनीं एकाच वेळीं एकच फाइल मागावी. सहा बदलांपूर्वींचें ड्रॉइंग जसेंच्या तसें काढून दाखवावयास सांगावें. जुन्या यंत्रावरून नवें यंत्र करतांना कोणते भाग नवे आणि कोणते तेच ठेवावयाचे, ही नक्कल किती सुलभपणें होते तेंही पहावें. या परीक्षेच्या वेळीं मालकानें व विक्रेत्यानें बाजूस बसावें, आणि संगणक रोज काम करणाऱ्या डिझायनरच्या हातीं द्यावा.

साधन घेतलें तरी जुना कचरा तसाच आंत ओतला तर नवें कोठार पहिल्याच दिवशीं अडगळीची खोली बनतें. म्हणून चालूं कामें आधीं स्वच्छ करून आंत घ्यावीं. जुनीं कामें बाहेर वाचण्यापुरतीं ठेवून, ऑर्डर आली म्हणजे एकेक आणावीं. भागांच्या नंबरांतही अतिहुशारी नको. आकार, धातु, ग्राहक असें सर्व कांहीं नंबरांतच कोंबूं गेल्यास चार वर्षांत जागा संपते आणि नियम मोडतो. नंबर साधा चढत्या क्रमाचा असावा व बाकीची माहिती फाइलीच्या कार्डावर लिहावी. नवा भाग जुन्याच्या जागीं निर्वेधपणें बसून तेंच काम करीत असेल तर नंबर तोच व रिव्हिजन नवी. तो तसा बसत नसेल तर नंबरच नवा. हा एक नियम पाळला तर दुरुस्तीसाठीं माल मागविणाऱ्या ग्राहकास चुकीचा भाग जाण्याचा धोका पुष्कळच कमी होतो.

ज्या ठिकाणीं डिझायनर एकटाच आहे, त्यानें घाई करण्याचें कारण नाहीं. एकच फोल्डर, एकच नियम, मंजूर ड्रॉइंगांचें निराळें पीडीएफ-दप्तर आणि रोजचा बॅकअप एवढ्यावर त्याचें निभावतें. दुसरा माणूस शेजारीं येऊन त्याच फाइलींत हात घालूं लागला, म्हणजे कुलपाची वेळ आली असें समजावें.

शेवटीं, कोणतेंही साधन मालकाच्या वागणुकीहून बळकट नसतें. ग्राहकाचा तांतडीचा फोन आला म्हणून मालकानेंच मंजुरीवांचून एक चित्र फोनवरून थेट मशिनवर धाडलें, तर त्या दिवसापासून सर्वांस तोच रस्ता मोकळा होतो, आणि लाखों रुपयांचें कोठार शोभेचें उरतें. म्हणून निवडीची अखेरची कसोटी माडीवर न घेतां खालीं मशिनजवळ घ्यावी. मशिनवाल्यानें भागाचा नंबर सांगावा. कोणास न विचारतां, कोणाची वाट न पाहतां, आजचें मंजूर ड्रॉइंग त्याच्यापुढें यावें, आणि कालचें येऊंच नये. इतकें ज्या साधनानें साधेल तें घ्यावें. मग त्याच्या हातून कातले जाणारे वीस नग जुळणीच्या टेबलावर जातील, भंगारांत जाणार नाहींत.